हॉलच्या नियमात बसणारी पाठवणी

"उतरा! आधी खाली उतरा! अहो काका, ते झाड हॉलचं आहे!"

मॅनेजर गेटपासूनच ओरडत आला. मी हॉलच्या आवारातल्या आंब्यावर बसलो होतो. एका हातात फांदी, दुसऱ्या हातात झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेलं सूप. खाली माझी बायको डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, नवरीच्या चालीनं झाडाखालून जात होती. तिची ही सहावी फेरी. पाचही वेळा पाकळ्या तिच्या डोक्यावर न पडता वाऱ्यानं शेजारच्या स्कूटरवर पडल्या होत्या.

"साहेब, रंगीत तालीम चालू आहे!" मी वरूनच सांगितलं.

"पाकळ्या चालत नाहीत! पाटी वाचली नाही का?"

पाटी मी वाचली होती. गेटजवळच होती, चांगली दारापेक्षा मोठी. फटाके नाहीत, कागदी चमकी नाही, गुलाल नाही, तांदूळ उधळायचे नाहीत. पण पाकळ्यांचं त्यात काही नव्हतं. मी तसं म्हणालो तर मॅनेजरनं खिशातलं पेन काढून माझ्यासमोर पाटीच्या तळाशी 'पाकळ्या' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणाला, "झेंडूचा रंग पांढऱ्या टाइल्सवरून जात नाही. आणि मागच्या लग्नात एक विहीणबाई त्याच्यावरून घसरल्या, त्या थेट कारंज्यात."

"मग आमच्या पोरीला पाठवायची कशी? कुरिअरनं?"

माझी बायको पदराआड हसली. मॅनेजर नाही हसला. महाडच्या त्या हॉलचा मॅनेजर होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि हसण्याचा विषय कुठल्यातरी विहिणीबरोबर कारंज्यात बुडाला असावा.

आता हॉल कशाला, असं कोणी विचारेल. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. रस्ता आहे, पण तो रस्ता आहे हे माहीत असलेल्यालाच दिसतो. मी खाली पोलादपुरात राहतो, वडापची, शीटं भरून नेणारी जीप चालवतो आणि आठवड्यातून चारदा तिथं चढतो. माझ्या जीपच्या पहिल्या गिअरचा आवाज ऐकून वाडीवरच्या बाया चहा टाकतात आणि मी पोचेपर्यंत तो आटून बासुंदी होते. मे महिन्यात वर पाण्याची कळशी डोक्यावरून आणायची, तिथं वऱ्हाडाला पाय धुवायला पाणी कुठून देणार? नवऱ्याकडचे मूळचे आपल्याच बाजूचे, शिवथरच्या खोऱ्यातले. पण दोन पिढ्या डोंबिवलीत लिफ्टनं वरखाली केल्यावर गुडघ्यांना चढ आठवत नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली, लग्न हायवेला लागून असावं. आम्ही हो म्हणालो.

हॉल ठरवून मी वर गेलो तेव्हा दादा म्हशींना पाणी दाखवत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नवरीचा बाप. हा माणूस दिवसाला जितके शब्द बोलतो तितके मी शिंक आल्यावर बोलतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. केटरर, खुर्च्यांची फडकी, एसी रूम. मग म्हणाला, "कर काय करायचं ते. पाठवणी तेवढी बघ. पोर गुपचूप जायला नाय पायजे."

"गुपचूप कशी जाईल? गाडी सजवून..."

"गाडीचं नाय सांगत रे मी."

मला कळलं तो कशाचं सांगत होता. आमच्या वाडीची पाठवणी वेगळी. लग्न लागलं, जेवणं झाली की नवरी पायवाटेनं खाली उतरायला लागते. वाडी वरच्या कड्यावर उभी राहते. मग एकजण हाळी देतो, हूऽऽऽ अशी लांब, आणि सगळे गप्प राहून कान लावतात. खालच्या वळणावरून नवरीची हाळी परत येते. ती पुढच्या वळणावर पोचली की दुसरा देतो, परत तिचं उत्तर. असं करत करत ती ओढ्यापर्यंत जाते. शेवटची हाळी बापाची. ओढ्यावरून तिचं उत्तर आलं की बाप घरात जातो. उत्तर आल्याशिवाय कुठला बाप घरात गेल्याचं वाडीवर कोणाला माहीत नाही.

आणि या पोरीची आणि दादाची हाळी तर रोजची. लहानपणी ती शेरडं घेऊन समोरच्या डोंगराला असायची. संध्याकाळी दादा अंगणातून हाळी द्यायचा आणि तिकडून तिची यायची. दोघांच्या मध्ये अख्खी दरी. पुढं ती नर्सिंग शिकली, मुंबईला गेली, रोज फोन करू लागली. दादा फोन कानाला लावतो, हं हं करतो आणि वहिनीच्या हातात देतो. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "त्यात तिचा आवाज नसतो. फोनचा असतो."

तर दादाला एवढंच हवं होतं. पोर जाताना लांबून तिचं एक उत्तर. तो ते मला सरळ मागणार नाही आणि मी ते त्याला हॉलमध्ये कसं देणार, हा प्रश्न. कारण हॉलच्या दारातून गाडी निघते, गेटबाहेर पडते आणि हायवेला लागते. ओढा नाही, वळण नाही, कडा नाही. मी मनात म्हटलं, हाळी काय इथं जमत नाही, पण पाठवणी अशी दणक्यात करू की दादा हाळी विसरेल.

पहिला विचार फटाक्यांचा. ते पाटीनंच मारले. हॉलच्या भिंतीला लागून बाळंतपणाचा दवाखाना, त्यामुळे फटाके नाहीत आणि वाजंत्र्यांचा खालू बाजाही गेटच्या आतच थांबवायचा. पाकळ्यांचं काय झालं ते सांगितलंच. मग बायकोनं मोबाइलवर साबणाच्या फुग्यांची पाठवणी बघितली. नवरानवरी चालतात आणि दोन्हीकडून फुगे, अगदी ढगातून चालल्यासारखे. मी घरच्या कपड्यांच्या पावडरीचा बादलीभर फेस करून हॉलवर नेला. दिवसभर फुगे उडवले. फुगे सुंदर झाले, फक्त खाली टाइल्सवर त्यांचा निसरडा राडा झाला. मी मॅनेजरला दाखवायला बोलावलं, "या साहेब, बघा, डाग नाही काही नाही," आणि साहेब येताना जे घसरले ते ऑफिसच्या दारातून निघून स्टेजच्या पायरीवर बसूनच थांबले. वाटेत त्यांनी माझं धोतरसुद्धा धरलं. मी पँट घातली होती तरी.

पाटीवर 'साबण' वाढला.

मग मी जनावरांच्या घंटांचं डोकं चालवलं. वाडीवरून पोतंभर घंटा आणि घुंगुरमाळा जीपमधून खाली आणल्या. दोन्हीकडून माणसं उभी राहून वाजवतील, मध्ये नवरी. किती आपलं, किती वेगळं! पण पोतं हॉलवर पोचायच्या आत वाडीवरून फोन यायला लागले. गळ्यातल्या घंटा काढल्यावर गुरं कुठं चरतायत ते कळेना. एकाची म्हैस त्याच्या मागेच उभी होती आणि तो तिला शोधत आंबेनळीच्या घाटापर्यंत गेला, असं तो अजून सांगतो. मी सांगत नाही, तो सांगतो. पोतं परत वर गेलं.

शेवटी मॅनेजरच माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "काका, काही वाजवायचं नाही, काही उडवायचं नाही, काही सांडायचं नाही. तोंडानं काय आशीर्वाद द्यायचे ते द्या की. तोंडाला कोण नको म्हणतंय?"

मी त्याच्या हाताचा मुका घ्यायचा तेवढा बाकी राहिला. तोंड! पाटीवर तोंड नव्हतं! मी परत गेटवर जाऊन पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि मॅनेजरच्या खिशातलं पेन हलतंय का तेही बघितलं. नाही हललं. म्हणजे हाळी चालत होती.

पण वाडीची हाळी एकेकट्याची. एकानं द्यायची, थांबायचं, उत्तर ऐकायचं, मग दुसऱ्यानं. ही गाडी काय प्रत्येक खांबापाशी थांबणार होती? त्यात संध्याकाळी हॉलवर दुसऱ्यांचं रिसेप्शन. मॅनेजर म्हणाला होता, गाडी दारातून निघाली की लगेच गेटबाहेर. मग मी हाळी सुधारली. दारापासून गेटपर्यंत दोन्ही बाजूंना आपली माणसं रांगेत उभी करायची, मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम. अशी हाळी द्यायची की पोरीला डोंबिवलीपर्यंत पुरेल. दादाला हवं ते पोरीचं उत्तर? ते त्या सगळ्यात येईलच की, असं मी स्वतःला सांगितलं. नवरीला काही सांगायचं नाही, तिला आश्चर्याचा धक्का बसला पाहिजे.

बसला.

लग्न झकास लागलं. जेवणं चालू होती. काही पंगती उठल्या, काही बसल्या. मी रांगेतल्यांना समजावून सांगितलं आणि ते आपापल्या खुणेवर उभे राहिले. वहिनी डोळे पुसत दाराशी. दादा पायऱ्यांच्या टोकाला, नवा सदरा घातलेला आणि त्या सदऱ्यात कोणीतरी दुसराच माणूस असल्यासारखा उभा. नवरानवरी गाडीत बसले. तिच्या शालूला त्याच्या शेल्याची गाठ मारलेली होती ती तशीच. गाडी फुलांनी मढवलेली, चारी काचा खाली. ड्रायव्हरनं गाडी सोडली. गाडी निम्म्यावर आली आणि मी हात वर केला.

आता सांगायचं राहिलं ते सांगतो. आमच्या डोंगरात एकाची हाळी म्हणजे बोलावणं. चारपाचजण एकदम ओरडले तर त्याचा अर्थ एकच, असाल तसे धावत या. वणवा लागलाय, बिबट्या गोठ्यात शिरलाय, नाहीतर कोणी कड्यावरून पडलंय. आणि तळीयेवर दरड कोसळल्यानंतर तर आमच्याकडं दोन आवाज एकत्र झाले तरी माणसं भांडी टाकून उठतात. हे मला माहीत होतं. रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण हॉलमध्ये एसी होता, कारंजं होतं, अंगावर इस्त्रीचे कपडे होते. तिथं ते कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सत्तरऐंशी गळ्यांतून हाळी निघाली. पूर्ण महाड जागेवर थांबलं. सावित्रीचं पाणी अर्धा मिनिट उलटं वाहिलं. शेजारच्या दवाखान्यात सकाळपासून अडलेली एक बाई त्या क्षणी मोकळी झाली आणि ते मूल आजही हळू आवाजात रडत नाही म्हणतात.

आणि वाडी धावली. जेवणाच्या हॉलमधून वाडीची माणसं निघाली ती पानं टाकून, हातात जिलबी तशीच. आचारी आमच्याच वाडीचे, ते झारे घेऊन. पार्किंगमधून पोरं. एका म्हाताऱ्यानं जवळ बसलेलं माणूस वाचवायचं म्हणून समोरच्या नवऱ्याकडच्या आत्याबाईंना खांद्यावर घेतलं आणि मागच्या टेकाडाकडं सुटला. आत्याबाई ओरडत होत्या की मी वरपक्षातली आहे! नवऱ्याचा बाप, सूट घातलेला, दोन पिढ्या डोंबिवलीचा माणूस, त्याचे पाय त्याला न विचारता निघाले आणि त्यानं मेंदीचं कुंपण एका उडीत पार केलं. मग कुंपणापलीकडं उभा राहून तो आपल्या पायांकडं बघत होता.

रांगेतलेसुद्धा घाबरले. ओरडणारे आपण, घाबरणारेही आपणच. माझा हात अजून वर होता आणि मीच डोंगराकडं बघत होतो.

पण खरी पाहायची होती ती नवरी. चालत्या गाडीचं दार उघडलं. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि पाय अनवाणी, कारण बसताना तिनं चपला काढल्या होत्या. आमच्याकडं असं ओरडल्यावर माणसं आवाजापासून लांब पळत नाहीत, आवाजाकडं पळतात. ती आवाजाकडं पळाली. आणि शेल्याची गाठ पक्की होती. तिच्या मागून नवरा. बिचारा संगणकावर काम करणारा पोरगा, त्याला वाटलं असेल हाही एक विधी. आधी धावत, मग अर्धवट लोळत, पण आला बरोबर.

"कोण अडकलं?" ती माझ्यासमोर येऊन ओरडली. "काका, कोण अडकलं? कुठं?"

आचाऱ्याच्या झाऱ्यातून तेल गळत होतं.

"कोणी नाय गो," वहिनी शेवटी म्हणाली. "तुझी पाठवणी हाय."

"ही पाठवणी?"

"तुझ्या काकांनी बसवली हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. नर्सबाईच्या नजरेला मी जन्मात पहिल्यांदा घाबरलो. "सगळे एकदम? काका, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? मला वाटलं वाडीवर..." मग ती एकदम हसायलाच लागली. हसता हसता रडली, वहिनीच्या गळ्यात पडली, वहिनी हसता हसता रडली, नवरा शेल्याच्या टोकाला उभा राहून धूळ झटकत होता, तोही हसला. टेकाडावरून आत्याबाईंना परत आणून खुर्चीवर ठेवलं. मॅनेजर ऑफिसच्या दारात उभा राहून खिशातलं पेन चाचपत होता. मी त्याच्याकडं न बघता पाठ केली.

"चला, चला," कोणीतरी म्हणालं. "डोंबिवलीला अंधारात पोचायला नको."

ती दादाच्या पाया पडली. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या हाळीत दादानं हाळी दिलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सत्तरऐंशीजण ओरडले, त्यात तो नव्हता.

गाडी या वेळी कोणी न ओरडता निघाली. सगळे तोंडावर हात ठेवून उभे, परत चूक नको म्हणून. हळूहळू गेटबाहेर गेली. म्हणजे नेमकं दादाला नको होतं तेच झालं. पोर गुपचूप गेली. एवढी झाडं चढलो, एवढा साबण उडवला आणि शेवटी पोर गुपचूप.

बघतो तर दादा पायऱ्यांवर नाही. तो हॉलच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर चढत होता, जिथं पाण्याची टाकी आहे तिकडं. "दादा!" मी धावलो. "अरे, तिथं जायचं नसतं, पाटी..." त्यानं ऐकलं नाही. मी त्याच्या मागून वर गेलो. मॅनेजर खालून ओरडत होता.

वरून हायवे दिसत होता. गाडी वळून रस्त्याला लागत होती, ट्रकांच्या रांगेत अडकलेली. फुलांमुळं ओळखू येत होती. दादा कठड्याशी उभा राहिला. नव्या सदऱ्याचं वरचं बटण त्यानं सोडलं. मान थोडी मागं टाकली.

आणि एकट्यानं हाळी दिली.

माझी हाळी ऐकून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या आठ दिवस आधी पिकतात असं मी नेहमी सांगतो, ते खोटं आहे. दादाचं मी सांगत नाही, कारण ते सांगून कोणी मानणार नाही. ती हाळी मोठी नव्हती. लांब होती. ट्रकांच्या वरून, टपऱ्यांच्या वरून, एक सरळ रेघ ओढल्यासारखी गेली.

रांगेतली गाडी थांबली. काचेतून हात बाहेर आला, चुड्याचा. मग डोकं आलं, मुंडावळ्यांसकट. ती अर्धी बाहेर वाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले. तिचं तोंड उघडलेलं मला स्वच्छ दिसलं. पण त्याच वेळेला मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानं त्याला उत्तर दिलं, आणि माझ्या कानात हॉर्नशिवाय काही शिरलं नाही. मग रांग हलली. गाडी पुढं गेली आणि पुलाकडं दिसेनाशी झाली.

दादा तसाच उभा होता. मान जरा वाकडी करून, कान लावून. मी त्याच्याकडं बघायचंच टाळलं. मग तो वळला, सदऱ्याचं बटण लावलं आणि जिना उतरायला लागला. खाली येऊन सरळ जेवणाच्या हॉलमध्ये गेला. तिथं वाढपी टेबलं गोळा करत होते. दादा एका टेबलाशी बसला आणि पान वाढा म्हणून खूण केली.

मी त्याच्या समोर जाऊन बसलो. मला राहवेना.

"दादा, आलं का उत्तर?"

"आलं."

"मला नाय ऐकू आलं. काय म्हणाली?"

दादानं भातावर वरण ओतून घेतलं, लिंबाची फोड पिळली, पहिला घास कालवला.

"जेवून घ्या म्हणाली."